बांगडा, श्रावण आणि पहिलं सत्र

बारावीचा निकाल लागला की गोव्यात महिनाभर एकच विषय असतो: कोणाला कुठे मिळालं. ॲडमिशन झाली की तो विषय संपतो. पुढच्या चार-पाच महिन्यांत त्या मुलाचं काय होतं, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. घरातून पदवीला जाणारं ते पहिलंच मूल असेल, तर चौकशी करायची म्हणजे नेमकं काय विचारायचं, हेही घरच्यांना ठाऊक नसतं.

उत्तर गोव्यातल्या एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. दरवर्षी पहिल्या वर्षाची वीसेक मुलं 'मेंटी' म्हणून, म्हणजे मार्गदर्शनासाठी, माझ्या नावावर येतात. मेंटॉर-मेंटीची अशी यादी सगळीकडेच असते. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती आली की ती फाईल मागते, त्यामुळे ती असावीच लागते. फाईलमध्ये मुलाचा फोन नंबर, पालकांचा व्यवसाय आणि सत्रातून दोनदा 'चर्चा केली' असा शेरा. बरीच वर्षं हे असं चाललं. मग २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची पदवीची नवी रचना आली आणि मुलं खरोखरच दारात येऊन उभी राहू लागली. इथे सांगते आहे ते त्याच्या पुढच्या, म्हणजे २०२४-२५च्या तुकडीबद्दल.

सुरुवात इंडक्शनने झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली होती. नव्या मुलांनी एकमेकांना ओळखावं, शिक्षकांशी आणि वरच्या वर्गातल्या मुलांशी त्यांचं नातं जुळावं, संस्था कशी चालते हे त्यांनी बघावं, असं तिच्यात आहे आणि ते चांगलंच आहे. प्रत्यक्षात मात्र सभागृह, समई, पाहुणे, स्वागतगीत, आणि मग पडद्यावर एकामागून एक पाट्या. मेजर, मायनर, एमडीसी, एईसी, एसईसी, व्हीएसी, ही सगळी विषयांच्या गटांची नावं. तीन वर्षांचे १२० क्रेडिट, चार वर्षं केली तर १६०. एक क्रेडिट म्हणजे शिकवणीचे १५ तास, प्रात्यक्षिक असेल तर ३०. उपस्थिती ७५ टक्के. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरा. ग्रंथालयाची वेळ अमुक, परीक्षा विभागाची खिडकी तमुक.

एकही गोष्ट चुकीची नव्हती. फक्त त्या दिवशी समोर बसलेल्या मुलांचे प्रश्न दोनच होते: आपला वर्ग कुठला, आणि वाळपईची बस किती वाजता.

म्हणून त्या वर्षी मी एक वही केली. मुलं जे विचारतील ते तारीख घालून लिहायचं, एवढंच. उत्तरं नाही, नुसते प्रश्न. जून-जुलैत पानं भरत गेली आणि एक गोष्ट आपोआप दिसू लागली. प्रत्येक प्रश्नाचा आपापला आठवडा असतो. पहिल्या आठवड्यात खोली, ओळखपत्र, कदंबाचा म्हणजे सरकारी बसचा पास. पुढे मायनर विषय बदलता येतो का, बारावीत घेतलेला विषय मल्टिडिसिप्लिनरीला (पाटीवरचं एमडीसी) का मिळत नाही. (मिळत नाही, कारण तो गट नवं काही शिकण्यासाठीच ठेवलेला आहे, हे इंडक्शनमध्ये सांगितलेलं होतं, आणि कोणालाही आठवत नव्हतं.) मग आयएसएला, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत चाचणीला, पोर्शन किती. पहिल्या आयएसएचे गुण कळल्यावर प्रश्नांचा आवाज एकदम उतरतो: "मॅडम, मी लाईन चुकलो काय?" क्रेडिट म्हणजे काय, हे मुलाला ऑगस्टमध्ये जाणून घ्यायचं असतं. आपण ते जूनमध्ये सांगून मोकळे झालेलो असतो.

मग ठरवलं की सांगायचं तेच, पण त्या त्या आठवड्यात. हे बोलायला सोपं आहे. करताना पहिला अडथळा म्हणजे मुलं येतच नाहीत. शाळेत स्टाफरूममध्ये बोलावणं म्हणजे काहीतरी केलंय, हे बारा वर्षांत पक्कं बसलेलं असतं. मी दारावर वेळ लिहून चिकटवली, तर दोन मुली जोडीने आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि "कांय ना, मॅडम" म्हणून हसत निघून गेल्या. त्यानंतर मी मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये बसायला लागले. भाजीपाव आणि मिर्ची घेऊन एका कोपऱ्यातल्या टेबलावर. पहिले काही दिवस मुलं शेजारून वाकडी वाट करून जायची. पुढे एकाने चहाचा कप हातात घेऊन उभ्याउभ्याच विचारलं, डिजिलॉकरमध्ये नाव जुळत नाही तर काय करू? दुसऱ्या दिवशी त्याच प्रश्नाची मुलं रांगेने आली.

हा नावाचा प्रश्न गोव्याबाहेरच्या वाचकांना जरा सविस्तर सांगायला हवा. मुलाचे क्रेडिट आता ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. ही व्यवस्था २०२१ साली सुरू झाली. तिचं खातं डिजिलॉकरमधून उघडायचं, आणि त्यासाठी आधारवरचं नाव आणि महाविद्यालयातलं नाव जुळावं लागतं. आमच्याकडे जुन्या नोंदींत आडनावाचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं असतं. जन्मदाखल्यावर गावकर 'सी'ने, आधारवर 'के'ने. नाईकचं स्पेलिंग आजोबांचं वेगळं, नातवाचं वेगळं. कुणाच्या नावात वडिलांचं नाव मध्ये, कुणाच्या शेवटी, कुणाच्या नाहीच. शाळेच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी. यात मुलाचा काही दोष नाही, पण फेऱ्या त्यालाच माराव्या लागतात, आणि पोरं सांगायला लाजतात. दोघांनी तर आपल्याला कॉलेजमधून काढून टाकतील अशीच समजूत करून घेतली होती. मी ऑफिसातल्या क्लार्क बाईंना विनंती करून एक दुपार फक्त याच कामासाठी ठेवून घेतली. ज्यांची नावं जुळत नव्हती त्यांनी सगळे कागद घेऊन यायचं. कुठला कागद आधी दुरुस्त करायचा हे त्या बाईंनी एकेकाला सांगितलं. त्यांना हे पाठ असतं. त्यांना कोणी विचारत नाही एवढंच. तीच गोष्ट शिष्यवृत्त्यांची. अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी सरकारची गगन भरारी शिक्षा योजना आहे. ती आपल्याला लागू होते हे गावडा समाजातल्या माझ्या एका विद्यार्थिनीला त्याच टेबलावर कळलं.

आता अभ्यासाबद्दल. आमच्या मुलांची गंमत अशी की सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोंकणी, पाचवीपासून इंग्रजी. पेडणे, डिचोली, सत्तरी इथली बरीचशी मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकलेली. दोडामार्ग, सावंतवाडीकडून रोज येणारी तर दहावीपर्यंतही मराठीतली असतात. हायर सेकंडरीला सर-मॅडम नोट्स देतात, त्या पाठ होतात, गुण मिळतात. इथे आल्यावर मी तासभर बोलते आणि फळ्यावर एक आकृती आणि चार शब्द एवढंच उरतं. तिसऱ्या-चौथ्या तासाला मागच्या बाकावरून प्रश्न येतोच: "मॅडम, नोट्स देणार?" मी देत नाही. माझ्या काही सहकाऱ्यांना हा हट्ट वाटतो. ते नोट्सची पीडीएफ ग्रुपवर टाकतात आणि मुलांचे आशीर्वाद मिळवतात. माझं मत असं की पीडीएफ दिल्या दिवसापासून मूल वर्गात ऐकणं थांबवतं. पण 'नोट्स काढा' एवढंच म्हणून सोडून देणं हाही तितकाच अन्याय आहे, कारण काढायच्या कशा हे त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं.

म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीला मेंटॉरिंगच्या तासाला आम्ही एक प्रयोग केला. मी पंधरा मिनिटं शिकवलं. लिहायचं नाही, नुसतं ऐकायचं. मग वह्या उघडून, मिळेल त्या भाषेत, आठवेल ते लिहायचं. मराठीत लिहा, कोंकणीत लिहा, बाण काढा. नंतर शेजाऱ्याशी वही बदलायची आणि त्याच्याकडे आहे ते आपल्याकडे नसेल तर भरायचं. सगळ्यात शेवटी त्याच मजकुराची पाच वाक्यं इंग्रजीत. पहिल्या दिवशी अर्ध्या वह्यांवर फक्त मथळा होता. कुरकुर झाली. मी त्यांना रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग सांगितला: एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. "म्हणजे आदल्या रात्री वाचलेलं चालतं," असा निष्कर्ष एकाने तत्काळ काढला. चुकीचा म्हणता येईना. मग त्याला विचारलं, सत्रान्त परीक्षेत किती विषयांच्या आदल्या रात्री एकाच आठवड्यात येतात ते मोज.

मराठीतून आधी समजून घ्यायला माझी हरकत नसते, उलट आग्रह असतो. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेलं. एका शनिवारी काही मुलांना घेऊन गेले. बहुतेकांनी ते बसमधून पाहिलं होतं, आत कोणी गेलं नव्हतं. वाचनकक्षात स्पर्धा परीक्षांची मुलं इतकी शांत बसली होती की आमचीही आपोआप गप्प झाली. दोघांनी तिथेच सदस्यत्वाची चौकशी केली. बाकीच्यांनी मांडवीच्या काठावर फोटो काढले. चालायचंच.

जे विषय अवघड जातात त्यांच्यासाठी महाविद्यालयात आधीपासून 'रेमेडियल' तास असत, दुपारी चारनंतर. तिथे कोणी येत नसे आणि मुलांना गरज नाही असं टिपणात लिहिलं जाई. खरं कारण बसस्टँडवर उभं राहिलं की कळतं. साडेचारची गाडी चुकली तर सत्तरीच्या आतल्या गावातल्या मुलीला पुढची गाडी कधी आणि कुठपर्यंत मिळेल सांगता येत नाही. पावसात तर अंधार लवकर पडतो आणि नाक्यावरून घरापर्यंत चालायचं असतं. शिवाय 'रेमेडियल' म्हणजे ढ मुलांचा वर्ग, हे सगळ्यांना माहीत. खिडकीतून मित्र बघतात.

यावरचा उपाय माझा नव्हे, उसना आहे. अमेरिकेत मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीतल्या शाखेत डिॲना मार्टिन यांनी १९७३ साली एक पद्धत सुरू केली. कच्ची मुलं निवडायची नाहीत; ज्या विषयात पुष्कळ जण अडखळतात तो विषय निवडायचा. तो विषय आधी पार केलेला वरच्या वर्गातला विद्यार्थी पुन्हा त्या तासांना बसतो, आणि आठवड्यातून ठरावीक वेळी खालच्या मुलांबरोबर बसून तो घटक सोडवतो. यायचं त्याने यावं, हुशारानेही यावं. मुख्य अट ही की त्या सीनियरने शिकवायचं नाही. त्याने विचारायचं. आज ही पद्धत अनेक देशांत चालते. आमच्याकडे ती आणायला ना निधी लागत होता ना परवानगीचा मोठा कागद. वेळापत्रकात दुपारच्या जेवणाआधीचा एक मोकळा तास आणि एक खोली लागत होती. तास मिळाला. खोलीसाठी मात्र भांडावं लागलं.

सीनियर म्हणून मी तिसऱ्या वर्षातली एक मुलगी निवडली. दोडामार्ग तालुक्यातून रोज यायची. पहिल्या सत्रात याच विषयात तिचे गुण जेमतेम होते, नंतर तिने विषय धरला. वर्गात पहिली येणारी मुलगी मी मुद्दाम घेतली नाही. ज्याला सगळं पहिल्यांदाच कळतं त्याला दुसऱ्याचं कुठे अडलं ते दिसत नाही, असं मला पंचवीस वर्षं शिकवून वाटतं. पहिल्या वर्षाची मुलं तिला ताई म्हणू लागली.

त्या तासांपैकी एक मी मागच्या बाकावर बसून पाहिला, तो सांगते. मागणी आणि पुरवठा. या घटकात वर्षानुवर्षं एकच घोटाळा होतो: किंमत बदलली म्हणून वक्रावरून खाली-वर सरकणं वेगळं आणि दुसऱ्या कारणाने अख्खा वक्र डावी-उजवीकडे सरकणं वेगळं, हे मुलांच्या डोक्यात एकमेकांत मिसळतं. पुस्तकातलं उदाहरण चहा-कॉफीचं. ताईने फळ्यावर लिहिलं: बांगडा.

तिचा प्रश्न असा होता. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलरना बंदी. ५ ऑगस्टला श्रावण लागला. १ जुलै आणि १५ ऑगस्ट, या दोन दिवशी म्हापशाच्या बाजारात बांगड्याचं काय होईल?

बंदीचा भाग सगळ्यांनी पटकन सांगितला. माल कमी, पुरवठ्याचा वक्र डावीकडे, किंमत वर. बंदी उठली की वक्र उजवीकडे, किंमत खाली. मग श्रावणाकडे आल्यावर एक मुलगा उभा राहून म्हणाला, "लोक खात नाहीत म्हणून मागणी कमी. मागणी कमी म्हणून किंमत उतरली. किंमत उतरली की मागणी वाढते. म्हणजे किंमत परत वर." तो थांबला. आपण जिथून निघालो तिथेच आलो हे त्याच्याही लक्षात आलं होतं. दरवर्षी उत्तरपत्रिकेत मी हे गोल फिरणं लाल पेनाने खोडते, आणि खोडल्याने कोणालाही काही कळत नाही.

ताईने उत्तर दिलं नाही. तिने विचारलं, "तुझी आज्जी श्रावण पाळते?"

"पाळते."

"कोळणीने पंधरा ऑगस्टला तिला बांगडे फुकट दिले तर घेणार?"

सगळा वर्ग "ना!" म्हणून ओरडला. एकाने पुढे जोडलं की आज्जी कोळणीलाच चार शब्द सुनावेल.

"मग तिची मागणी किमतीने हलली की दुसऱ्या कशाने?"

तो मुलगा हळूच म्हणाला, "दुसऱ्या कशाने. म्हणजे वक्रच सरकला." त्याने स्वतः फळ्यावर जाऊन मागणीचा वक्र डावीकडे काढला. एवढ्यावर तास संपला असता तरी मी खूश होते. पण खिडकीजवळ बसलेली एक ख्रिस्ती मुलगी म्हणाली, "आमच्यात श्रावण नाही. आमची मम्मी त्या महिन्यात जास्त बांगडे आणते. स्वस्त असतात ना." क्षणभर शांतता. आता हे कुठे बसवायचं? दोन बाकांवर वाद सुरू झाला, कोंकणीत, आणि पाचेक मिनिटांनी त्याच मुलीने निकाल दिला: मम्मीचा वक्र जागेवरच आहे, ती त्याच्यावरून खाली सरकली. आज्जीचा वक्र सरकला, मम्मी वक्रावर सरकली. दोघींची मागणी मिळून बाजाराची मागणी.

मग ताईने शेवटचा प्रश्न टाकला, तो विद्यापीठाच्या पेपरात शोभला असता. पुरवठा उजवीकडे, मागणी डावीकडे. किंमत नक्की उतरणार, पण विकले गेलेले बांगडे वाढणार की कमी होणार? बराच वेळ खाडाखोड झाली. सांगता येत नाही, कुठला वक्र किती सरकला त्यावर अवलंबून आहे, हे उत्तर आलं तेव्हा ते तिघांकडून एकदम आलं. अर्थशास्त्रात 'सांगता येत नाही' हे उत्तर असू शकतं, आणि त्याला पूर्ण गुण मिळू शकतात, याचं त्यांना सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं.

ऑगस्टच्या अखेरीस सगळ्या महाविद्यालयांत व्हायची तीच अडचण आली. त्या वर्षी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, ७ सप्टेंबरला होती. चवथीचा आठवडा गोव्यात शून्य कामाचा, आणि त्याच्या आधीचे चार दिवसही तसेच. मुलगे माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान गोळा करायला रानात, मुली घरात नेवऱ्या म्हणजे करंज्या करायला. गावाकडच्या मुलांना यातून सूट नसते, आणि मला वाटतं असूही नये. पण चार-पाच विषयांच्या आयएसए चवथीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात लावलेल्या होत्या, कारण प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने आपापल्यापुरता तो आठवडा सोयीचा पाहिला होता. स्टाफरूममध्ये मी एका मोठ्या कागदावर सगळ्यांच्या तारखा लिहून लावल्या. तो कागद बघून एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "आम्हांला कोणी असं धरून नेलं होतं? आम्ही शिकलो ना?" मी म्हटलं, शिकलो, पण आपल्याबरोबर बसलेले किती जण पहिल्या वर्षानंतर दिसले नाहीत तेही आठवा. ते काही बोलले नाहीत, मात्र आपली आयएसए त्यांनी दहा दिवस पुढे ढकलली. दोघांनी तारखा बदलल्या नाहीत. त्यांचंही एक म्हणणं होतं: सत्र लहान आहे, पोर्शन मोठा आहे. तेही खोटं नाही.

सगळीच अडचण अशी कागद लावून सुटत नाही. पेडण्याकडचा एक मुलगा होता, वर्गात चटकन उत्तर देणारा. सप्टेंबरनंतर सकाळचे तास बुडवायला लागला. उपस्थिती पंच्याहत्तरच्या खाली गेल्यावर मी घरी फोन केला. आई म्हणाली, "मॅडम, तो रातचो कामाक वता, सकाळीं उठना." मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून त्या भागातल्या पोरांना पाळीची कामं मिळू लागली आहेत, किनाऱ्याकडची मुलं तर ऑक्टोबरात सीझन सुरू झाला की शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळींत, कामाला जातातच. पगार घरात लागतो. 'शिक्षणाकडे लक्ष दे' हे वाक्य अशा मुलाला सांगणं मला जमत नाही. आम्ही दोघांनी बसून हिशेब केला: कुठल्या विषयात किती तास बुडाले, अजून किती बुडवता येतील, कुठल्या विषयात आता एकही नाही. त्याने कामावर बोलून आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळची पाळी मागून घेतली. मी त्या दोन दिवशी सकाळी त्याचे कोणते तास आहेत ते त्याच्या मोबाईलवर लिहून दिलं. तो एका विषयात नापास झाला, बाकीचे निघाले. नापास झालेला विषय पुन्हा देता येतो, तेवढ्यासाठी पहिलं वर्ष पहिल्यापासून करावं लागत नाही, हे त्याला निकालाच्या आधीच सांगून ठेवलं होतं. निकालाच्या दिवशी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी कामाच्या गणवेशातच कँटीनमध्ये आला आणि परीक्षा-फॉर्मची तारीख विचारली.

काही गोष्टी माझ्या आवाक्यातल्या नसतात. काणकोणहून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारी एक मुलगी आठवडेच्या आठवडे कोणाशी बोलत नव्हती, जेवतही नव्हती. तिला मी अभ्यासाचं काहीच सांगितलं नाही. समुपदेशक बाईंकडे तिच्याबरोबर चालत गेले आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्या फोनमध्ये घालून दिला. पुढचं तिने आणि त्या बाईंनी बघितलं. मेंटॉरने सगळं स्वतःच सोडवायला जाऊ नये, हे मी नव्या शिक्षकांना आवर्जून सांगते; चांगुलपणाच्या भरात ते होतं.

सत्राच्या शेवटी अर्थशास्त्राचे पेपर तपासताना मागणी-पुरवठ्याच्या प्रश्नाला कोऱ्या पानांचं प्रमाण कमी दिसलं. सगळे बरोबर होते असं नाही. गोल फिरणारी उत्तरं होतीच. पण बऱ्याच जणांनी आकृती काढली होती, आणि एका पठ्ठ्याने पेपरात आज्जीच लिहिली होती. दुपारच्या तासाला न येणाऱ्यांतलेही काही उत्तम लिहून गेले, त्यामुळे सगळं श्रेय त्या तासाला देण्यात अर्थ नाही.

२०२५च्या जूनला इंडक्शन झालं, समईही लागली. पण पडद्यावरच्या पाट्या आम्ही तीनवर आणल्या: वर्ग कुठे, अडलं तर कोणाला भेटायचं, आणि कँटीनमधलं कोपऱ्यातलं टेबल. क्रेडिटचं बोलणं ऑगस्टात ठेवलं. बांगडेवाल्या तासाला फळ्यावर वक्र काढणारा तो मुलगा या वर्षी सीनियर व्हायला तयार आहे. त्याने अट घातली की जुलैपासूनच सुरू करायचं, मुलं पहिल्या आयएसएत आपटायच्या आधी. दोडामार्गची ताई पदवी घेऊन गेली, पण जाण्याआधी तिने आपले सगळे प्रश्न एका वहीत उतरवून ठेवले आहेत. उत्तरं लिहिलेली नाहीत. कॉमर्सच्या शिक्षकांना हीच पद्धत अकाउंट्ससाठी हवी आहे. बारावीपर्यंत सायन्स करून बीकॉमला आलेल्या मुलांना डेबिट-क्रेडिट पहिल्या आठवड्यापासून अडतं आणि त्या शिक्षकांचं म्हणणं आहे की त्याला बांगड्यासारखं काही सापडत नाही. आम्ही सध्या गावच्या देवस्थानच्या जमाखर्चाची वही मिळवण्याच्या खटपटीत आहोत. खजिनदार काकांनी पालखी झाल्यावर या म्हणून सांगितलं आहे.